वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली तर: दुर्बिणीच्या उपचारांबद्दल खानदेशातील रुग्णांच्या घरच्यांसाठी

माझा धाकटा भाऊ रावेर तालुक्यात केळीची शेती करतो. वजन १३८ किलो, दहा वर्षांचा मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, यामुळे घरातल्या सगळ्यांशी बोलून त्याने फेब्रुवारीत एका मोठ्या शहरात पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायाने चालत गाडीत बसला आणि नवव्या दिवशी जळगावात माझ्या घरी तापाने फणफणला. पोटाला स्टेपल मारून जिथे शिवले होते, तिथे वरच्या टोकाला बारीक छिद्र राहिले होते आणि आतले पाणी बाहेर झिरपत होते. पुढच्या पाच महिन्यांत सात वेळा त्याच्या तोंडावाटे दुर्बीण (एंडोस्कोपी) आत गेली. पोट मात्र पुन्हा उघडावे लागले नाही, आणि आज तो बागेत उभा राहून काम करतो.

अशी वेळ फार थोड्यांवर येते, पण ज्यांच्यावर येते त्यांना कुणाला काय विचारावे हेच सुचत नाही. मी डॉक्टर नाही. कोणता उपचार करायचा हे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यापर्यंत वेळेत आणि योग्य कागद घेऊन पोहोचणे, मधल्या वाटेवर नुकसान होऊ न देणे आणि प्रत्येक टप्प्यावर नेमका प्रश्न विचारणे ही कामे घरच्यांची असतात, आणि त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

१. आपल्या माणसाचे पोट आता कसे आहे, ते आधी समजून घ्या

आपल्याकडे सर्रास होणाऱ्या शस्त्रक्रिया दोन. पहिली स्लीव्ह. हिच्यात जठराचा बाहेरचा फुगीर भाग, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडे जास्त जठर, कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. दुसरी बायपास. हिच्यात जठराच्या वरच्या बाजूला साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी छोटी पिशवी करून तिला लहान आतडे जोडतात, आणि उरलेले जठर आतच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. बायपासचेही प्रकार आहेत, म्हणून नुसते ‘बायपास झाले आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

हे मुद्दाम आधी सांगते, कारण दोन्हींत बिघाडाच्या जागा वेगळ्या असतात. स्लीव्हमध्ये गळती बहुधा अगदी वर, अन्ननलिका जठराला मिळते त्या कोपऱ्याजवळ होते आणि अरुंदपणा मधल्या वळणावर येतो. बायपासमध्ये पिशवी आणि आतडे यांच्या जोडावर अरुंदपणा येतो, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्याच जोडावर व्रणही होतो.

आमच्या सर्जनांनी शस्त्रक्रियेआधी समजावून सांगताना चिठ्ठीच्या पाठीमागे निळ्या पेनाने भावाच्या पोटाचे चित्र काढले होते. मी तो कागद सहज घडी करून पर्समध्ये टाकला होता. पुढे जितक्या दवाखान्यांत गेलो, तितक्या ठिकाणी अहवाल वाचण्याआधी डॉक्टरांनी तेच चित्र हातात घेतले. तुमच्याकडे असे चित्र नसेल, तर सर्जनांकडून काढून घ्या, त्यावर तारीख आणि शस्त्रक्रियेचे नाव लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा.

२. धोक्याची खूण ओळखा आणि तास वाया घालवू नका

गळतीची लक्षणे पुस्तकात लिहिल्यासारखी एकदम दिसत नाहीत. ज्याचे वजन फार आहे, त्याचे पोट आत पू साचला तरी हाताला मऊ लागू शकते, आणि तापही उशिरा चढतो. सगळ्यात आधी बोलते ती नाडी. कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर बहुतेक घरांत पडून आहे. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिनाभर ते रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला लावा आणि नाडीचा आकडा वहीत लिहा. स्वस्थ पडलेल्या माणसाची नाडी १२० च्या आसपास किंवा वर टिकून राहिली, तर ताप असो वा नसो, सर्जनांना त्याच क्षणी फोन करा.

भावाचा डावा खांदा दुखत होता. तो म्हणाला, गाडीत आखडून बसल्यामुळे असेल, आणि मीही तेल चोळून दिले. पोट आणि छाती यांमधल्या पडद्याखाली द्रव साचला की दुखणे खांद्यात जाणवते, हे आम्हाला नंतर कळले. नाडी १२६ होती. जवळच्या एका दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिले गेले आणि त्यात आमचे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांची खंत मला आजही आहे, म्हणून सांगते: डावा खांदा दुखणे, धाप लागणे, घाबरल्यासारखे होणे, नाडी वाढणे आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणे, यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली की ‘उद्या बघू’ म्हणू नका.

अशा वेळी हवी असलेली तपासणी म्हणजे तोंडावाटे आणि शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन. साध्या सोनोग्राफीत हे छिद्र दिसत नाही. स्कॅनआधी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम, तपासतात. रुग्ण मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असेल तर तेही तिथेच सांगा.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा चक्कर येऊन पडणे ही रक्तस्रावाची लक्षणे आहेत. तेव्हा १०८ ला फोन करा आणि जवळचे मोठे रुग्णालय गाठा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर आधी तिथे जाऊन रुग्णाचा रक्तदाब आणि श्वास स्थिर होऊ द्या, मगच पुढच्या प्रवासाचे ठरवा. अस्थिर रुग्णाला खासगी गाडीत घालून सहा-सात तास नेणे हा धोका कुणीही पत्करू नये.

३. जवळच्या दवाखान्यात या चार गोष्टी हात जोडून सांगा

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर मनापासून मदत करतात, पण असे पोट त्यांनी क्वचितच पाहिलेले असते. म्हणून रुग्णाला खाटेवर घेताच चित्र दाखवा आणि पुढच्या गोष्टी सांगा.

नाकातून जठरात जाणारी राइल्स ट्यूब अंदाजाने घालू देऊ नका. ताज्या स्टेपलच्या रेघेवर तिचे टोक टेकले, तर नवे छिद्र पडू शकते. नळी लागणारच असेल, तर ती दुर्बिणीने किंवा एक्स-रेच्या पडद्यावर बघत घालायची असते.

दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या-इंजेक्शने देऊ नयेत, अशी विनंती करा. बायपासच्या जोडावर व्रण होण्याचे हे मोठे कारण आहे.

दुर्बीण करायचीच असेल, तर पोट फुगवण्यासाठी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात का, ते विचारा. हा वायू शरीरात लवकर शोषला जातो, त्यामुळे ताज्या छिद्रावरचा ताण कमी राहतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती मी सविस्तर सांगते. मे महिन्यात भावाला दोन आठवडे सतत उलट्या होत होत्या. “पानी बी खाले उतरत नई, आक्का,” असे तो म्हणाला तेव्हा आम्ही त्याला सलाईनसाठी रावेरला नेले. परिचारिकेने बाटली टांगली, नळीतली हवा काढली, आणि मी सवयीने बाटलीवरचे नाव वाचून शहरातल्या आहारतज्ज्ञ ताईंना फोनवर सांगितले. बाटली डेक्स्ट्रोजची होती. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, “आधी थायमिन द्यायला सांगा, साखरेची बाटली त्यानंतर.” थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो, आणि साठा संपलेल्या माणसाला नुसती साखर शिरेतून दिली, तर उरलेले थायमिनही खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि उशीर झाला तर ते नुकसान पूर्ण भरून येत नाही. डॉक्टरांनी ते लगेच मान्य केले, थायमिनचे इंजेक्शन मेडिकलमधून आणवले आणि मगच बाटली सुरू केली. ‘आधी थायमिन, साखरेची बाटली त्यानंतर’ हे वाक्य मी चित्राच्या कागदावर लाल अक्षरांत लिहून ठेवले आहे. तुम्हीही लिहून ठेवा.

४. कागदांची पिशवी तयार ठेवा

डिस्चार्ज कार्ड एवढे एकच कागदपत्र घेऊन लोक दुसऱ्या शहरात जातात आणि तिथे अडकतात. दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना खरी गरज असते ती ऑपरेशन नोटची, म्हणजे शस्त्रक्रियेत काय काय केले त्याच्या टिपणाची. स्लीव्ह किती जाडीच्या नळीवर बेतली, स्टेपलची रेघ वरून शिवली का, हर्निया दुरुस्त केला का, शेवटी गळतीची चाचणी केली का, हे सगळे त्यात असते. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतला नियम आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. भांडणाच्या सुरात बोलायची गरज नसते. “पुढच्या उपचारासाठी हवे आहे” एवढे म्हटले तरी बहुतेक ठिकाणी काम होते.

पिशवीत हे असू द्या:

- शस्त्रक्रियेचे टिपण, डिस्चार्ज कार्ड आणि पोटाचे चित्र
- सीटी स्कॅनचा अहवाल आणि त्याची सीडी किंवा पेन ड्राइव्ह, कारण नुसत्या छापील फिल्मवरून वळण नीट दिसत नाही
- आधीच्या प्रत्येक दुर्बिणीचा अहवाल, फोटोंसह
- हिमोग्राम, सीआरपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची चाचणी, रक्तगट आणि ईसीजी
- चालू औषधांची यादी, मिलिग्रॅमसह, आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक अक्षरांत
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विमा पॉलिसी आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळचे विमा कंपनीचे मंजुरीपत्र
- नाडी, ताप, पाणी आणि उलट्या यांची वही

शेवटच्या वहीकडे दुर्लक्ष करू नका. “त्रास कधीपासून आहे” या प्रश्नाला घरातली तीन माणसे तीन उत्तरे देतात. वही एकच उत्तर देते.

५. कुठे जायचे ते ठरवताना

पहिली हाक शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनांनाच द्या. राग आलेला असतो, विश्वास डळमळलेला असतो, तरीही पोट आतून पाहिलेला माणूस तोच आहे. त्यांच्याकडे सोय नसेल तर ते कुणाकडे पाठवतात ते विचारा, आणि पत्र घ्या.

भुसावळ-जळगावकडची माणसे रेल्वेने नाशिक किंवा मुंबईला जातात, नंदुरबारकडच्यांना सुरत जवळ पडते, आणि धुळेकरांना मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक आणि इंदूर दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. पण अंतरापेक्षा पुढच्या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची आहेत: शस्त्रक्रियेनंतरच्या गळतीवर किंवा अरुंदपणावर तुम्ही स्वतः उपचार करता का? फुगा, स्टेंट आणि पिगटेल (यांची माहिती पुढच्या भागात आहे) ही तिन्ही साधने इथे मिळतात का? सीटीवर बघून बाहेरून नळी घालणारे रेडिओलॉजिस्ट आणि बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणारे, सर्जन याच इमारतीत आहेत का? आयसीयू आहे का? ज्या ठिकाणी या प्रश्नांना शांतपणे आणि सरळ उत्तर मिळते, तिथे जा. मोठ्या पाटीपेक्षा हे उत्तर भरवशाचे असते, असा माझा अनुभव आहे.

६. कोणत्या त्रासावर दुर्बिणीने काय करतात

गळतीपासून सुरुवात करते, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. घरच्यांना वाटते की छिद्र आहे, ते बुजवले की झाले. डॉक्टरांपुढे मात्र एकाच वेळी तीन कामे असतात: बाहेर साचलेला पू काढणे, छिद्रातून होणारी गळती थांबवणे किंवा ती आतल्या बाजूला वळवणे, आणि या काळात रुग्णाला पोसणे. रुग्णाचा रक्तदाब कोसळत असेल किंवा पू पोटभर पसरला असेल, तर दुर्बीण हा मार्ग नव्हे, तेव्हा तातडीची शस्त्रक्रियाच लागते. त्या वेळी “दुर्बिणीनेच करा” असा हट्ट धरू नका.

आवरण असलेला धातूचा स्टेंट ही एक जाळीदार नळी असते. ती छिद्रावर आतून बसते आणि अन्न-लाळ तिच्यातून खाली जाते. ती साधारण चार ते आठ आठवडे ठेवतात. छातीत दाबल्यासारखे वाटणे, मळमळ आणि आंबट पाणी वर येणे हे त्रास होतात. सर्वांत मोठा दोष असा की ती सरकते. भावाचा स्टेंट सहाव्या दिवशी एका जोरदार उलटीनंतर खाली घसरला. अचानक दुखण्याची जागा बदलली किंवा उलट्या वाढल्या, तर त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या.

पिगटेल ही प्लॅस्टिकची बारीक नळी असते, दोन्ही टोकांना वळसा असलेली. एक टोक पू साचलेल्या पोकळीत आणि दुसरे जठरात ठेवतात, म्हणजे पू आतल्या आत निचरून जातो आणि पोकळी हळूहळू मिटते. ही पद्धत घरच्यांच्या मनाला पटायला वेळ लागतो, कारण छिद्र बुजवण्याऐवजी त्यात नळी ठेवलेली असते. पण पू साचू न देणे हाच बरे होण्याचा मार्ग आहे. नळ्या काही आठवड्यांनी बदलतात आणि एकूण काम महिन्यांवर जाते.

स्पंज आणि निर्वात यंत्राचा उपचारही आहे. पोकळीत स्पंज ठेवून नाकातून काढलेल्या नळीने तो यंत्राला जोडतात आणि दर तीन ते पाच दिवसांनी दुर्बिणीने बदलतात. त्याचा उपयोग चांगला होतो, पण रुग्णाला दवाखान्यातच राहावे लागते आणि प्रत्येक बदलाचा खर्च वेगळा येतो, हे आधी समजून घ्या. छिद्र लहान आणि ताजे असेल तर दुर्बिणीच्या टोकावर बसवून आणलेला मोठा क्लिप लावतात. जुन्या छिद्राच्या कडा कठीण झालेल्या असतात, तिथे एकटा क्लिप सहसा टिकत नाही. फार जुन्या गळतीत पोकळी आणि जठर यांमधली भिंत छेदून निचरा मोकळा करतात.

आता जी गोष्ट आम्हाला महिनाभर कुणी सांगितली नाही, ती सांगते. स्टेंट सरकल्यानंतरही गळती मिटत नव्हती. दुसऱ्या केंद्रातल्या डॉक्टरांनी औषध पाजून एक्स-रेच्या पडद्यावर पाहिले तेव्हा स्लीव्हच्या मधल्या वळणावर अडसर दिसला. भावाला ते क्षणात समजले. ठिबकची नळी पुढे चोंदली की मागच्या सांध्यातून पाणी उडते, आणि सांध्यावर कितीही पट्टी गुंडाळली तरी उपयोग होत नाही, हे शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. खालचा अडसर फुग्याने मोकळा केला, वर पिगटेल ठेवले, आणि त्यानंतर गळती खरोखर कमी होऊ लागली. म्हणून गळतीच्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे: “खाली कुठे अरुंद झाले आहे का, आणि ते कसे पाहिले?”

इथे एक फसगत होते. स्लीव्ह पिळली गेली असेल, तर दुर्बीण वळत वळत तिच्यातून पार होते आणि अहवालात ‘सामान्य’ असे लिहून येते. पण अन्नाला दुर्बिणीसारखे वळता येत नाही. अहवाल सामान्य आणि उलट्या चालूच, अशी अवस्था असेल तर बॅरिएट्रिक रुग्ण नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासा.

अरुंदपणावरचा उपचार फुग्याचा. बायपासचा जोड हळूहळू, बहुधा १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत रुंद करतात. स्लीव्हच्या वळणासाठी त्याहून बराच मोठा, ३० मिलिमीटरपासून सुरू होणारा फुगा लागतो. एका वेळेत काम क्वचितच होते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन ते चार वेळा जावे लागेल, असे मनाशी धरूनच निघा. फुग्याने जठर फाटण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे, आणि अनेकदा फुगवूनही वळण सुटले नाही, तर स्लीव्हचे बायपास करावे लागते.

बायपासच्या जोडावरचा व्रण मुख्यतः औषधांनी बरा होतो. आम्ल कमी करणारी औषधे काही महिने घ्यावी लागतात. कॅप्सूल उघडून घेतल्यास ती लवकर लागू पडते, म्हणून ते डॉक्टरांना विचारा. दुर्बीण इथे निदानासाठी, रक्त थांबवण्यासाठी आणि व्रण भरला का हे पाहण्यासाठी लागते. आपल्याकडे तंबाखू-चुना आणि मिसरी यांना कुणी व्यसन मानत नाही. धूम्रपानाने हा व्रण भरत नाही आणि भरलेला पुन्हा उघडतो, तेव्हा तंबाखू कोणत्याही रूपात घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका आणि सोडा.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांतला रक्तस्राव क्लिप, इंजेक्शन किंवा उष्णतेने थांबवतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, आणि खडा नलिकेत अडकला तर स्लीव्हच्या रुग्णात नेहमीची दुर्बीण चालते. बायपासमध्ये मात्र मूळ वाट बंद झालेली असल्याने तिथे वेगळे तंत्र लागते. कावीळ दिसली तर डॉक्टरांना बायपास झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा.

७. पैसे आणि विमा

अंदाजपत्रक लेखी घ्या, आणि ते एका वेळेचे आहे की पूर्ण उपचाराचे, हे विचारा. स्टेंट, फुगा, क्लिप यांची किंमत बहुधा वेगळी असते. आम्हाला पहिल्या वेळी आकडा पेलवला, तिसऱ्या वेळी केळीच्या पैशांची वाट पाहावी लागली.

विमा कंपन्यांच्या प्रमाणित अटींनुसार वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा तो निदान ३५ असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार असेल, तर ग्राह्य धरतात. गुंतागुंतीचा दावा अडतो तो पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदांवर, म्हणून जुने मंजुरीपत्र आणि त्या वेळचे वजन-उंचीचे टिपण जपा. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. खिडकीवर उभे राहताना हा नियम माहीत असलेला बरा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल, तर दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. नेमका कोणता उपचार कोणत्या नावाने मंजूर होईल हे त्याच्याकडून लिहून घ्या. दाखल झाल्यानंतर धावपळ करून हे काम होत नाही.

८. दुर्बिणीचा आदला दिवस आणि नंतरची रात्र

साध्या दुर्बिणीसाठी सहा-आठ तास उपाशी राहणे पुरते, पण अरुंद झालेल्या पोटात अन्न तसेच पडून राहते. अशा रुग्णाला आदला पूर्ण दिवस फक्त पातळ पदार्थ द्यायला सांगतात. हा नियम मोडून गेलात तर भूल देताना अन्न फुप्फुसात जाऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे वेळापत्रक आठवडाभर आधी विचारा, कारण नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका. झोपेत लावायचे श्वासाचे यंत्र असेल तर ते सोबत न्या. भूलतज्ज्ञांनी आम्हाला पहिला प्रश्न त्याचाच विचारला होता.

फुगा किंवा स्टेंट झाल्यावर त्याच दिवशी रेल्वेत बसू नका. एक रात्र त्याच शहरात, रुग्णालयापासून रिक्षाने पोहोचता येईल अशा ठिकाणी काढा. रुग्णाने २४ तास गाडी चालवायची नाही. छातीत वाढत जाणारे दुखणे, ताप, धाप, किंवा मानेवर सूज येऊन बोटाने दाबल्यावर कातडीखाली चुरचुर आवाज येणे ही जठराला किंवा अन्ननलिकेला इजा झाल्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी परत जा.

९. घरी आल्यावर पाणी, पोषण आणि आपले ऊन

खानदेशातला मे महिना धडधाकट माणसालाही कोरडा पाडतो, मग ज्याच्या पोटात एका वेळी घोटभरच मावते त्याचे काय होणार? औषधाच्या बाटलीसोबत मिळणाऱ्या टोपणाने मोजून आम्ही पाणी दिले. दर पंधरा मिनिटांनी ३० मिलिलिटर, म्हणजे तासाला १२०, आणि जागेपणीच्या चौदा तासांत पावणेदोन लिटरच्या जवळ. मोबाइलमध्ये गजर लावला होता. लघवी गडद झाली, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दिवसभरात अर्धा लिटरही उतरले नाही, तर सलाईनसाठी जा, आणि तिथे थायमिनचे वाक्य आठवा.

गळतीच्या काळात तोंडाने काही द्यायचे नसेल, तर नाकातून लहान आतड्यापर्यंत नळी घालून तिच्यावाटे आहार देतात. ती नळी पाहून घरचे हादरतात, पण जखम भरायला लागणारी प्रथिने त्याच वाटेने जातात. प्रत्येक आहारानंतर नळीत कोमट पाणी सोडा, नाहीतर ती चोंदते. गोळ्या कुटून घालण्याआधी विचारा.

पातळ आहार सुरू झाला की ताक, गाळलेले मुगाचे कढण, डाळीचे पाणी आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलेली प्रथिनांची पूड एवढ्यावर दिवस काढावे लागतात. अखाजीला घरात पुरणाच्या मांड्यांचा वास सुटला होता आणि मोठी आई मायेने सारखी म्हणत होती, “एक घास खाई ले रे भो.” मला तिला बाजूला बसवून चित्राचा कागद दाखवावा लागला. ती अडाणी आहे, पण तिने ते चित्र समजून घेतले आणि नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला तीच अडवू लागली. तुमच्या घरातही आग्रह करणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाला आधी विश्वासात घ्या. भरीत, ठेचा, शेवभाजी, कळण्याची भाकरी यांची वेळ येईल, ती आहारतज्ज्ञ ठरवतील.

१०. काढण्याची तारीख भिंतीवर लिहा

दुर्बिणीने आत ठेवलेली वस्तू ठरल्या वेळी बाहेर काढावी लागते. बरे वाटू लागले की शेतीची कामे, लग्नसराई, कानबाईचा उत्सव यांत तारीख मागे पडते. धातूचा स्टेंट जास्त राहिला तर त्याच्या कडांत मांस वाढते आणि काढताना रक्तस्राव होतो. आमच्या दिनदर्शिकेवर लाल गोल होता, शिवाय रुग्णालयाच्या कागदावर ‘काय घातले, कधी घातले, कधी काढायचे’ हे डॉक्टरांच्या सहीने लिहून घेतले होते. क्लिप लावला असेल तर त्याचे नाव लिहून घ्या, कारण पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथे ते विचारतात.

सातव्या वेळी डॉक्टरांनी आतली नळी काढलेल्या जागेचा फोटो दाखवला. छिद्राच्या जागी फिकट रंगाचा एक छोटा खळगा होता. तो अहवाल आमच्या पिशवीत सर्वांत वर आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर चालू राहतील, रक्ततपासणी ठरलेल्या महिन्यात होते, आणि सलग दोन दिवस उलटी झाली तर भाऊ आता स्वतःच फोन करतो.